नांगी आणि नोंदी

एकाच प्राण्याविषयीचे दोन छापील कागद शेजारी ठेवले, तर त्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असे चटकन वाटत नाही. पहिला मार्च १९८२ चा, लंडनच्या ‘लॅन्सेट’मधला. लेखक एकच, हिंमतराव साळुबा बावस्कर. रुग्ण रायगड जिल्ह्यातल्या महाड परिसरातले, आणि प्रश्न असा की लाल विंचू चावल्यावर पुढे हृदयावर संकट येणार आहे हे कोणत्या लक्षणांवरून आधी ओळखावे. दुसरा १९९० चा, अमेरिकेतल्या ‘जर्नल ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्री’मधला. त्यावर अनेक लेखकांची नावे आहेत आणि प्रयोगशाळा न्यू जर्सीतल्या राहवे इथली, मर्क या औषध कंपनीची. पहिल्यात घाम, उलट्या आणि गार पडलेले हातपाय. दुसऱ्यात ३७ अमिनो आम्लांची एक छोटी साखळी आणि ती पेशीच्या आवरणातला पोटॅशियमचा एक मार्ग कशी बंद करते याचे मोजमाप. विंचू मात्र दोन्हीकडे तोच, आपल्या कौलांखाली, पेंढ्यात आणि दगडांच्या ढिगात राहणारा लाल विंचू.

या दोन कागदांमधली जागा इतर कागदांनी भरून काढायची, हा या लेखाचा उद्योग. आधीच सांगतो की त्यातून ‘प्रयोगशाळेत शोध लागला आणि मग तो खेड्यात पोचला’ अशी सरळ रेघ निघत नाही. उपचार रुग्णाच्या घामावरून सापडला, स्पष्टीकरण पेशीपटलावरून आले, आणि दोन्ही कितीतरी वर्षे आपापल्या वाटेने चालत राहिले.

जुन्या मराठी साहित्यात विंचू आहे तो मुख्यतः एकनाथांच्या भारुडात. तिथे तो काम-क्रोधाचा आहे आणि त्यावरचा उताराही आध्यात्मिक आहे. ते भारूड म्हणजे रोग्याचा केसपेपर नव्हे आणि तसे वाचूही नये. तरी एक गोष्ट नजरेतून सुटत नाही. विंचू चावलेल्या माणसाला घाम सुटतो, जीव कासावीस होतो, हे सोळाव्या शतकातल्या श्रोत्यांना समजावून सांगावे लागत नव्हते. नुसत्या कळेपलीकडे काहीतरी सगळ्या अंगाला होते, ही माहिती लोकांत होती. वैद्यकीय कागदांत ती नीट उतरायला बराच काळ गेला.

तशा कागदांतला महत्त्वाचा म्हणजे १९३२ चा ‘नोट्स ऑन इंडियन स्कॉर्पिअन्स’ हा शंभरेक पानांचा प्रबंध. लेखक दोघे, फादर जे. एफ. कायुस आणि डॉ. कृ. श्री. म्हसकर. संस्था मुंबईची, परळची हाफकिन. ‘इंडियन मेडिकल रिसर्च मेमॉयर्स’ या मालिकेतला हा चोविसावा अंक. एक जेझुइट पाद्री आणि एक मराठी डॉक्टर मिळून विंचवांवर एवढे लिहितात, याचा अर्थ मुंबई इलाख्यात हा विषय किरकोळ समजला जात नव्हता. पुढे १९६१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या १०४२ व्या पानावर पी. एम. मुंडले यांचे टिपण येते. विंचूदंशानंतर फुप्फुसात पाणी भरून रुग्ण दगावतात, हे त्यात नोंदले आहे. टिपण लहान, पण पश्चिम भारतातल्या या रोगाचा नंतर जो कोणी आढावा घेतो तो बहुधा मुंडल्यांपासूनच सुरुवात करतो, आणि ते योग्यच आहे. माणूस विषाने ‘बधिर होऊन’ मरत नाही, हृदय थकून आणि फुप्फुसे पाण्याने भरून मरतो, ही दिशा त्या टिपणाने दिली.

त्याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकांनाही हेच दिसत होते. १९६३ मध्ये त्रिनिदादहून पून-किंग यांनी विंचूदंशाने हृदयाच्या स्नायूला होणाऱ्या इजेविषयी लिहिले. इस्राएलमध्ये मोशे गेरॉन आणि त्यांचे सहकारी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या पिवळ्या विंचवाच्या रुग्णांचे रक्तदाब, ईसीजी आणि लघवीत उतरणारे कॅटेकोलामिनांचे अवशेष मोजत होते. हे अवशेष वाढलेले आढळले. अॅड्रिनलीन आणि नॉरॲड्रिनलीन शरीरात भरमसाट सुटतात, असा त्याचा अर्थ. विंचू तीन ठिकाणचे, जाती तीन, आणि छातीतले चित्र जवळजवळ एकच. विष जातीजातीत वेगळे असूनही परिणाम सारखा, म्हणजे ते सगळीकडे शरीरातल्या एकाच कळीच्या जागेवर हात घालत असणार. ती जागा कोणती हे त्या रुग्णालयांतल्या कागदांवरून ठरणे शक्य नव्हते.

इथे थोडे वाशीमविषयी, कारण कोकणातल्या कागदांचा ताळा शेवटी पठारावरच्या या जिल्ह्याशी घालायचा आहे. वाशीम जिल्हा स्वतंत्र झाला १ जुलै १९९८ ला, अकोल्यातून वेगळा निघून. इंग्रजी अमदानीत बासिम नावाचा जिल्हा होता, तो १९०५ मध्ये अकोल्यात विलीन झाला. मधली त्र्याण्णव वर्षे वाशीम हे अकोला जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. त्यामुळे या भागातल्या कोणत्याही रोगाचा जुना माग काढायचा तर तो बासिम, अकोला आणि वाशीम अशा तीन शीर्षकांखाली विखुरलेला असतो. विंचवाचीही गत अशीच. फॅब्रिशियसने १७९८ मध्ये नाव दिले त्यातले ‘टॅम्युलस’ हे अर्धे नाव टिकले. पुढचे अर्धे बुथस, मग मेसोबुथस आणि २००७ पासून हॉटेनटोटा. मर्कच्या कागदात तो ‘बुथस’ आहे, महाडच्या अलीकडच्या कागदांत ‘मेसोबुथस’. सूचीत एकाच नावाने शोधणाऱ्याच्या हाती अर्धाच इतिहास लागतो.

विंचूदंशाचे गाजलेले लेखन कोकणातले, हेही लक्षात ठेवायला हवे. याचा अर्थ वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड-मालेगावच्या गोठ्यात, कुटाराच्या ढिगात किंवा धुऱ्यावरच्या दगडांत विंचू नसतो असा नाही. अर्थ एवढाच की तालुक्याच्या गावी बसून चिकाटीने लिहिणारा डॉक्टर कोकणाला मिळाला. आणि तो डॉक्टर कोकणातला नव्हेच. बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. एमबीबीएस नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून, एमडी पुण्याच्या बी. जे. मधून. म्हणजे माणूस वाशीमपासून फार लांबचा नाही. नेमणूक मात्र १९७६ मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळाली.

बिरवाडीसारख्या केंद्रात त्या काळी काय हाताशी असे, हे लक्षात घेतल्याशिवाय १९८२ चा लेख नीट वाचता येत नाही. अतिदक्षता विभाग नाही, रक्तातल्या वायूंची तपासणी नाही. रक्तदाब मोजण्याचे यंत्र, स्टेथोस्कोप आणि रात्रभर खाटेशेजारी बसण्याची तयारी. म्हणून त्या लेखाचा भर यंत्रांवर नाही, लक्षणांच्या क्रमावर आहे. रुग्ण येतो तेव्हा बोटाला कळ असते. ती कळ कितीही जोराची असली आणि त्याबरोबर बाकी काही नसले, तर सहसा जिवाला धोका नसतो. धोक्याचा रुग्ण वेगळा ओळखू येतो. त्याला उलट्या होतात, अंगावरचे कपडे भिजतील इतका घाम सुटतो, तोंडाला लाळ येते, पुरुष असेल तर लिंग ताठर होऊन राहते, आणि हातपाय बर्फासारखे गार पडतात. ही लक्षणे आली की पुढच्या काही तासांत रक्तदाब चढणार, नाडी धावणार, आणि त्यातल्या काहींना धाप लागून तोंडावाटे गुलाबी फेस येणार. हे आधी कळले, तर डॉक्टरला काही तास मिळतात.

या निरीक्षणाचे मोल मला नंतर आलेल्या औषधाच्या गोळीइतकेच वाटते. गोळी कोणतीही असो, ती कोणाला आणि कधी द्यायची हे आधी ठरावे लागते. आणि तो निर्णय गार पडलेल्या तळव्याला हात लावूनच होतो.

आता विषाकडे. आपल्या प्रत्येक चेतापेशीभोवती मेदाचे एक पातळ पटल असते. त्यातून विद्युतभारित कण, म्हणजे आयन, सहजासहजी आरपार जात नाहीत. जातात ते पटलात रोवलेल्या प्रथिनांच्या मार्गांतून, आणि हे आयनमार्ग निवडक असतात: सोडियमचा वेगळा, पोटॅशियमचा वेगळा, कॅल्शियमचा, क्लोराइडचा वेगळा. पेशी स्वस्थ असताना आतली बाजू बाहेरच्या मानाने साधारण ७० मिलीव्होल्टने ऋण असते. संदेश येतो तेव्हा सोडियमचे मार्ग उघडतात आणि आयन आत घुसतात. एका मार्गातून सेकंदाला कोटीच्या घरात जाण्याइतका हा वेग असतो. पण मार्ग उघडल्यावर एखाद-दोन मिलीसेकंदांतच आतून त्याची झडप आपोआप बसते. मागोमाग पोटॅशियमचे मार्ग उघडून पेशी पूर्वस्थितीला येते. ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी १९५२ मध्ये माखलीसारख्या सागरी प्राण्याच्या जाड चेतातंतूवर केलेल्या मोजमापांतून हा हिशेब मांडला आणि १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. तेव्हा आयनमार्ग कोणी पाहिलेला नव्हता. एकेका मार्गातला प्रवाह मोजण्याची युक्ती एर्विन नेहेर आणि बर्ट साकमान यांनी १९७६ मध्ये काढली.

विंचवाचे विष घाव घालते ते त्या झडपेवर. जर्मन संशोधक कॉपेनहॉफर आणि श्मिट यांनी १९६८ मध्ये बेडकाच्या चेतातंतूवर दाखवले की विंचवाच्या विषाने सोडियमचा मार्ग उघडतो नेहमीसारखा, पण बंद व्हायला फार वेळ लावतो. त्यांचा विंचू इस्राएल-इजिप्तकडचा होता. आपल्या लाल विंचवाच्या विषाचा जिवंत प्राण्यांवर आणि वेगळ्या काढलेल्या चेतास्नायूंवर काय परिणाम होतो, हे १९९२ मध्ये ‘टॉक्सिकॉन’ या नियतकालिकात एडवर्ड रोवन, ॲलन हार्वे आणि सहकाऱ्यांनी ग्लासगोहून मांडले. तिथेही निदान त्याच दिशेचे: सोडियमचा प्रवाह लांबतो आणि एका संदेशाच्या जागी चेता पुन्हा पुन्हा पेटत राहते. वर विषातले दुसरे घटक पोटॅशियमचे मार्ग अडवतात, म्हणजे पेशीला शांत व्हायची दुसरी वाटही रोखली जाते.

आता महाडचा लेख पुन्हा उघडावा. विषाने सगळ्यात आधी पेटतात त्या शरीराचा आपोआप चालणारा कारभार पाहणाऱ्या चेता. त्यांच्या टोकांना ॲसिटिलकोलीन सुटले की लाळ, उलट्या आणि घाम येतो. घामाच्या ग्रंथींना जाणाऱ्या चेता सिम्पथेटिक असूनही ॲसिटिलकोलीनच सोडतात, म्हणून घाम या पहिल्या टोळीत येतो. मागून नॉरॲड्रिनलीनचा लोंढा. त्याने त्वचेतल्या आणि हातापायांतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, तळवे गार पडतात, रक्तदाब चढतो. आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलता ढकलता हृदयाचा डावा कप्पा थकतो आणि फुप्फुसात पाणी साठते. बिरवाडीत खाटेशेजारी लावलेला लक्षणांचा क्रम आणि प्रयोगशाळेतल्या पडद्यावरचा लांबलेला सोडियम प्रवाह, ही एकाच घटनेची दोन टोके. एकाला दुसऱ्याची गरज पडली नव्हती, हे मात्र तारखांवरून स्पष्ट दिसते.

गोळीचे नाव प्राझोसिन. १९७० च्या दशकात वाढलेल्या रक्तदाबासाठी आलेले हे औषध. ते सोडियमच्या मार्गाला हात लावत नाही, विषालाही निकामी करत नाही. रक्तवाहिन्यांच्या भिंतीवरचे अल्फा-ग्राहक तेवढे ते अडवते, म्हणजे नॉरॲड्रिनलीन कितीही सुटले तरी वाहिनी आवळली जात नाही. आधी गंभीर रुग्णांत सोडियम नायट्रोप्रुसाइडने वाहिन्या सैल करून पाहण्यात आले होते. पण त्याची धार सलाईनमधून क्षणाक्षणाला राखावी लागते, आणि ते काम प्राथमिक आरोग्य केंद्राचे नव्हे. प्राझोसिन ही साधी, स्वस्त, तोंडाने घ्यायची गोळी. तिचे फळ ‘लॅन्सेट’च्याच १९८६ च्या एका छोट्या लेखात छापून आले. त्यावर नावे दोन आहेत: हिंमतराव आणि प्रमोदिनी बावस्कर. हिंमतरावांच्या २०२२ च्या पद्मश्रीनंतर जी कथा घराघरांत पोचली, तिच्यात दुसरे नाव बरेचदा गळते. कागदावर ते आहे आणि पुढच्या कितीतरी लेखांवरही आहे.

पुढच्या लेखांत ठरत गेलेली पद्धत खाटेशेजारून पाहण्यासारखी आहे. मात्रा वजनाच्या किलोमागे ३० मायक्रोग्रॅम. गोळी दिल्यावर रुग्णाला उठू द्यायचे नाही, कारण या औषधाने उभे राहताच रक्तदाब कोसळू शकतो. पहिले तीन तास दर अर्ध्या तासाने नाडी, रक्तदाब आणि श्वास पाहायचा, पुढचे सहा तास दर तासाला. तीन तासांनी पुन्हा मात्रा, मग दर सहा तासांनी. थांबायचे कधी? हातपाय कोरडे आणि उबदार झाले आणि हाताच्या शिरा सहज दिसू लागल्या की. कोणतेही यंत्र न लागणारा हा निकष १९८२ च्या लेखातल्या गार तळव्याशी सरळ जुळतो.

याआधी जे चालायचे त्यातले बरेच नंतर टाकून दिले गेले. स्टिरॉइड, ॲट्रोपिन, झोप आणणाऱ्या औषधांचे मिश्रण. ॲट्रोपिनने लाळ-घाम थांबतो आणि डॉक्टरला बरे वाटते, पण आधीच धावणारी नाडी आणखी धावते. दिसणारे लक्षण दाबायचे आणि मारणारे वाढवायचे, असा तो प्रकार.

आता आकड्यांचा प्रश्न. बावस्कर दांपत्याच्या आढाव्यांत पश्चिम भारतासाठी दोन आकडे येतात: १९६१ ते १९८३ या काळात मृत्यूचे प्रमाण २५ ते ३० टक्के, आणि १९८४ नंतर, म्हणजे प्राझोसिन आल्यावर, १ टक्क्याच्या आसपास. वर्तमानपत्रांत हे आकडे ‘विंचू चावलेल्या शंभरातले तीस मरत’ असे येतात. ते चूक आहे. हे प्रमाण रुग्णालयात पोचलेल्या, गंभीर विषबाधा झालेल्या रुग्णांचे आहे. शेतात चावा बसल्यावर चुना लावून, रात्र काढून बऱ्या झालेल्या लोकांची मोजदाद त्यात नाही. शिवाय ही तुलना आधीच्या आणि नंतरच्या काळाची आहे, एकाच वेळच्या दोन गटांची नाही. मधल्या काळात रस्ते आले, रुग्ण लवकर पोचू लागले, आणि ही लक्षणे दिसली की तातडीने पाठवायचे हे आसपासच्या डॉक्टरांना कळले. या सगळ्याचा वाटा प्राझोसिनच्या खात्यात जमा होतो. तरीही फरक इतका मोठा आहे, आणि औषध नेमके कुठे काम करते हे इतके स्पष्ट आहे, की मुख्य श्रेय गोळीचेच मानावे लागते. गोळी न देता एक गट ठेवून पाहा, असे त्यानंतर महाडमधल्या कोणत्याही डॉक्टरला कोण सांगणार होते?

मुंबईत दुसरी एक वाट चोखाळली जात होती. के. राधाकृष्ण मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे म्हणणे होते की कॅटेकोलामिनांच्या लोंढ्याने शरीरातले इन्सुलिनचे काम बिघडते आणि हृदयाला इंधनच मिळत नाही. लाल विंचवाच्या विषाने प्राण्यांत होणारे रासायनिक आणि ईसीजीतले बदल इन्सुलिन, अल्फा-रोधक आणि सोडियम बायकार्बोनेटने उलटवता येतात, असा त्यांचा लेख १९८८ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये आला. खेड्यापाड्यांत इन्सुलिनची वाट रुळली नाही. पण अल्फा-रोधक दोन्ही वाटांवर भेटतो, हे नोंदवायला हवे.

प्राझोसिन वादळात घर सावरते. वादळ थांबवणारे प्रतिविष वेगळे. ते हाफकिनने घोड्यांच्या रक्तद्रवापासून तयार केले, आणि रत्नागिरी जिल्ह्यात डॉ. व्ही. एस. नातू व सहकाऱ्यांनी ते ग्रामीण रुग्णालयात वापरून २००६ आणि २०१० मध्ये अनुभव छापले. इथे काही काळ दोन पक्ष पडल्यासारखे दिसतात, गोळीचा आणि प्रतिविषाचा. मग २०११ मध्ये बावस्करांनीच ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये चाचणी छापली. ७० रुग्ण, चिठ्ठीच्या पद्धतीने निम्मे-निम्मे वाटलेले. दहा तासांत विषबाधेची सगळी लक्षणे गेली अशांची संख्या नुसत्या प्राझोसिनच्या गटात ३५ पैकी ८. प्राझोसिन आणि प्रतिविष दोन्ही दिलेल्या गटात ३५ पैकी ३२. पाव शतक एका गोळीच्या बाजूने लिहिणारा माणूस ती गोळी एकटी पुरेशी वेगवान नाही असे दाखवणारे आकडे स्वतःच छापतो, याचे मला या सगळ्या कागदांत सर्वाधिक कौतुक वाटते. आणि आयनमार्गाच्या बाजूने पाहिले तर निकाल अपेक्षितच आहे. प्रतिविष रक्तात फिरणारे विषाचे रेणू धरून ठेवते, ते झडपेपर्यंत पोचण्याआधी. म्हणून ते जितके लवकर मिळेल तितके बरे. उशिरा आले तर आधीच सुटलेल्या नॉरॲड्रिनलीनचे ते काही करू शकत नाही. तिथे गोळीच लागते.

१९९० च्या कागदाचे पुढे काय झाले? त्यातल्या ३७ अमिनो आम्लांच्या रेणूला इबेरिओटॉक्सिन नाव मिळाले. कॅल्शियम वाढले की उघडणारा पोटॅशियमचा एक मोठ्या क्षमतेचा मार्ग तो नेमका अडवतो, आजूबाजूच्या मार्गांना फारसा न छेडता. एवढा निवडक रेणू हाती आल्यावर जगभरच्या प्रयोगशाळांत त्याला हत्याराची किंमत आली. रक्तवाहिन्यांच्या किंवा मूत्राशयाच्या स्नायूत हा मार्ग काम करतो का, हे पाहायचे असले की इबेरिओटॉक्सिन टाकून पाहायचे. याच विंचवाच्या विषातून पुढे टॅमापिन नावाचा आणखी एक रेणू निघाला, तो २००२ मध्ये वर्णिला गेला. पोटॅशियमच्या मार्गाची आतली रचना १९९८ मध्ये दाखवून २००३ चे नोबेल मिळवणारे रॉडरिक मॅकिनन यांनीही सुरुवातीला मार्गाचे तोंड कुठे आहे हे विंचवाच्याच एका विषाने चाचपडले होते. तो विंचू मात्र आपला नव्हे.

विष जे काही तासांपुरते करते, ते काहींच्या शरीरात जन्मापासून चाललेले असते. हृदयातल्या सोडियम मार्गाच्या जनुकात बदल असेल तर त्याची झडप पुरती बसत नाही. ईसीजीतले एक अंतर लांबते, आणि तरुण माणूस झोपेतही अचानक जाऊ शकतो. १९९५ मध्ये मार्क कीटिंग यांच्या गटाने हा बदल शोधला तेव्हा त्याचे स्पष्टीकरण विंचवाच्या विषाच्या स्पष्टीकरणापेक्षा फार वेगळे नव्हते. वेदना वाहणाऱ्या चेतांमधला सोडियमचा एक मार्ग जन्मतः निकामी असला तर माणसाला वेदनाच कळत नाही. अशी कुटुंबे उत्तर पाकिस्तानात सापडल्याचे २००६ मध्ये ‘नेचर’मध्ये आले. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये बिघडतो तो क्लोराइडचा मार्ग. या रोगांना आता आयनमार्गांचे रोग म्हणून एकत्र वाचले जाते. विंचूदंशाला त्या यादीत कोणी घालत नाही, कारण तो बाहेरून येतो. पण बिघाडाची जागा पाहिली तर तो त्यांचा सख्खा भाऊ आहे.

खुद्द आरोग्य केंद्रात हा संबंध रोज घडतो, कोणी त्याला नाव न देता. चावलेल्या बोटाची कळ सहन होत नसेल तर डॉक्टर बोटाच्या मुळाशी लिग्नोकेनची सुई देतात. लिग्नोकेन सोडियमचे मार्ग बंद करते. विषाने उघडे धरलेले मार्ग आणि सुईने बंद केलेले मार्ग, एकाच बोटाच्या काही सेंटीमीटरांत.

शेवटचा कागद २००७ चा. न्यूटन, क्लेंच, देशमुख, जयशीलन आणि स्ट्राँग या पाच जणांनी लाल विंचवाच्या विषाचे वस्तुमान-वर्णपटाने ठसे घेतले. नमुने महाराष्ट्रातल्या दोन भागांतले: दमट कोकणातले आणि कोरड्या दख्खनच्या पठारावरचे. जात एकच, पण विषातल्या प्रथिनांची जुळणी दोन ठिकाणी वेगळी निघाली. म्हणजे महाडच्या रुग्णांवर पारखलेली लक्षणांची यादी, मात्रा आणि दहा तासांचा हिशेब वाशीमच्या रुग्णाला जसाच्या तसा लागू होईल हे गृहीत धरता येत नाही. प्राझोसिनच्या बाबतीत ही अडचण कमी, कारण ते विषावर नव्हे, वाहिनीवर काम करते. प्रतिविषाच्या बाबतीत मात्र कुठल्या विंचवांच्या विषावर घोडे तयार केले हा खरा प्रश्न आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात जी दहा नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाल्याचे जाहीर झाले, त्यांत वाशीम आहे, आणि बावस्करांचे जालनाही. पहिल्या वर्षाच्या शरीरक्रियाशास्त्रात हॉजकिन-हक्सली येतातच. त्याच वाशीम जिल्ह्याच्या आरोग्य केंद्रांत विंचूदंशाच्या नोंदी होत असतात. त्या नोंदीत चावा किती वाजता, घाम किती वाजता सुटला, तळवे गार होते की नव्हते, पहिली गोळी किती वाजता आणि तळवे पुन्हा उबदार किती वाजता झाले, एवढे पाच रकाने भरले गेले, तर कोकणच्या आकड्यांशी ताडून पाहण्याजोगे पठारावरचे आकडे तयार होतात. १९८२ च्या लेखामागेही, छापील भाषा बाजूला केली, तर असलेच रकाने आहेत.